साडेपाचचं जेवण

लोणावळ्याजवळच्या वलवणचा अल्लाउद्दीन मुलाणी वेळेचा पक्का. कुणाचा फ्रीज बसला, कुणाचा गीझर फिरला की पहिला फोन त्याला जातो, आणि 'साडेसहाला येतो' म्हणाला की साडेसहाला तो हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा असतो. गावाला याचं कौतुक आहे. तेवीस वर्षं मस्कतला एसी दुरुस्त करून आलेला माणूस. मनगटावर दोन तबकड्यांचं घड्याळ, एक आपली वेळ दाखवणारी आणि दुसरी तिकडची, दीड तास मागे. परत येऊन दोन वर्षं झाली तरी ती दुसरी तबकडी त्याने बंद केलेली नाही. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणतो, "चालतीय तवर चालू द्या की. काय खायला मागती का?"

अशा या वेळेच्या पक्क्या माणसाला आपली बायको दुपारचं किती वाजता जेवते, एवढं मात्र ठाऊक नव्हतं. ते कळलं तेव्हा ती लोणावळ्यातल्या एका लहानशा दवाखान्यात सलाइन लावून पडली होती.

झालं असं. अल्लाउद्दीन आता भुशीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये मेन्टेनन्सचं काम बघतो. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी पावणेपाचला तो पंपाच्या खोलीत असताना शेजारच्या येसूबाईंचा फोन आला. येसूबाई बंगल्यांवर धुण्याभांड्याला जातात, साडेचारला परतल्या की जाहिदाकडे चहाला येतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, असाल तसं या. जाहिदा शेगडीपाशी पडलीया. डोळं उघडंना." तो पोचेपर्यंत येसूबाईंनी रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलंही होतं. जाहिदा शुद्धीवर आली होती, अंगावरचा घाम पुसत होती आणि वर येसूबाईंनाच म्हणत होती, "तुमचा चहा ऱ्हायला की वो माझ्यापायी."

डॉक्टर यशोधराबाई बोलायला मऊ, पण प्रश्न सरळ. साखर एकदम खाली गेली होती. त्यांनी जाहिदाला विचारलं, "सकाळी साखरेची गोळी घेता?"

"व्हय. रोज."

"मग खाता काय?"

"चहा. दोन बटर."

"जेवता कधी?"

जाहिदाने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पंख्याकडे पाहत म्हणाली, "साडेपाचला."

"रात्रीचं नाही विचारत मी. दुपारचं."

"दुपारचंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या जाहिदाशी नाही, अल्लाउद्दीनशी बोलल्या. गोळी निम्मी करते म्हणाल्या. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहणाऱ्या माणसाला निम्मी गोळीही जड. आज शेजारीण आली म्हणून बाई वाचल्या. एखाद्या दिवशी शेजारीण उशिरा आली तर वाचणार नाहीत. "दुपारी एकला पोटभर जेवण. हेच खरं औषध, बाकी सगळं नंतर," असं सांगून त्यांनी चिठ्ठीवर '१' हा आकडा काढला आणि त्याला दोनदा गोल केला.

अल्लाउद्दीनचं लक्ष त्या आकड्याकडे नव्हतं. 'साडेपाच' ऐकताच त्याचा हात आपोआप मनगटावर गेला होता. आपल्या साडेपाचला तिकडे चार वाजतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या चार वाजताचं सगळं एकट्या त्यालाच माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

त्या चार वाजता काय व्हायचं ते सांगतो.

अल्लाउद्दीन मस्कतला गेला तेव्हा त्याला परदेशाची धास्ती होती ती भाषेची आणि उन्हाची. घात केला तो जेवणाने. तिथलं दुकान याह्या नावाचा ओमानी म्हातारा चालवायचा. सकाळी आठला शटर वर, दुपारी एकला खाली, पुन्हा चारला वर ते रात्री नऊपर्यंत. एक ते चार सगळी गल्ली चिडीचूप, कुत्रंसुद्धा सावली सोडायचं नाही. शटर पडलं की मागच्या खोलीत चटई अंथरायची, मध्ये एक भलीमोठी परात, तिच्यात भाताचा ढीग आणि वर मासा, आणि भोवती सातजण. आपला डबा, आपलं ताट, असलं काही नाही. सगळे बसेपर्यंत कुणी हात घालायचा नाही. आपल्या समोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला बोट न्यायचं नाही. आणि चटईवर फोन आणायचा नाही, हा याह्याचा खास कायदा.

पहिले चार दिवस अल्लाउद्दीन अर्धपोटी उठला. आपल्याकडची रीत अशी की पाव्हण्याने 'बास, बास' म्हणायचं आणि यजमानाने 'असं कसं, घ्या की' म्हणत वाढायचं. हा आपला रीतीप्रमाणे 'बास' म्हणून हात आखडायचा आणि आग्रहाची वाट बघायचा. तिथे आग्रह करतंय कोण? 'बास' म्हणजे बास. पाचव्या दिवशी याह्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि न बोलता माशाचा एक मोठा तुकडा त्याच्या बाजूला ढकलला. पुढची अकरा वर्षं तो रोज एक तुकडा ढकलत राहिला. जेवण झालं की सातही जण तिथेच आडवे व्हायचे. त्या घोरण्यात फोनवर कुजबुजणंसुद्धा पाप. म्हणून घरी फोन करायची वेळ एकच, झोपून उठल्यावर, चारला, शटर वर जायच्या आधीची दहा मिनिटं.

सुरुवातीला फोन आठवड्यातून एकदा. पुढे नऊ वर्षांनी मोबाइल आला आणि फोन रोजचा झाला. रोजच्यातल्या अगदी पहिल्या दिवशी जाहिदाने विचारलं, "जेवलात का?" त्याच्या तोंडात अजून माशाची चव होती. पोट तुडुंब, वर दोन तासांची झोप. त्याने उलट विचारलं, "तू?" ती म्हणाली, "तुमच्याआधी कशी जेवीन?" आता त्या घरात बायका पुरुषांच्या मागूनच जेवायच्या, त्यात नवल काही नव्हतं. पण नवरा समुद्रापलीकडे असतानाही हिने ती रीत धरून ठेवावी, हे ऐकून त्याला आपल्या भरल्या पोटाची शरम वाटली. 'मी जेवून झोपूनसुद्धा उठलो' हे काही तोंडातून निघेना. म्हणाला, "हे काय, आत्ताच बसतोय. तू बी बस."

एवढंच. एक वाक्य. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, आणि कालचं खोटं उघडं पडू नये म्हणून त्याने पुन्हा तेच सांगितलं. खोट्याचं असं असतं की पहिल्या दिवशी ते माणूस बोलतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तेच माणसाला बोलायला लावतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायलाही लागलं होतं. तिकडे जाहिदा ताट वाढून घेतेय, वाटीचा आवाज येतोय, आपण दोघं जणू समोरासमोर बसलोय. रमजानात तेवढी खोटं बोलायला सुट्टी.

पुढे याह्या थकला, दुकान विकलं गेलं. नवा मालक शिकलेला. त्याने तीन तासांची दुपार एका फटक्यात मोडून टाकली. सकाळी सात ते चार सलग काम, मध्ये अर्धा तास, ज्याने त्याने आपापला डबा आपापल्या वेळी उघडायचा. परात भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. सुट्टीचे वार बदलले. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद, म्हणून पहाटे साडेपाचलाच गच्चीवर चढायचं. अल्लाउद्दीन बाराच्या ठोक्याला कॉम्प्रेसरशेजारी उभा राहून नऊ मिनिटांत जेवण उरकू लागला. जेवताना कुणी कुणाकडे बघत नसे. त्या दिवसांत त्याला पहिल्यांदा कळलं, की परातीतला भात आपण नुसता खात नव्हतो.

मालक बदलला, वेळा बदलल्या, वार बदलले, पण चारचा फोन हलला नाही. 'हे काय, आत्ताच बसतोय. तू बी बस.' कामावरची पोरं चेष्टा करायची, "चाचा, दुसऱ्यांदा जेवताय का?" आणि हा हसायचा. आपण बायकोची एक वेळ इतकी वर्षं चुकवली नाही याचा त्याला चांगला अभिमान होता. त्या वेळेसाठी ती उपाशी बसलीय, हा विचार त्याच्या डोक्यात एकदाही आला नाही. पुरुषाचं डोकं, दुसरं काय.

परत आल्यावरही दोन वर्षं कळलं नाही. रिसॉर्टची नोकरी नऊ ते सहा. मंगळवारच्या सुट्टीला तो एकला जेवायचा आणि जाहिदा म्हणायची, "घ्या तुमी, मला अजून भूक न्हाई." घरोघरच्या बायका हेच म्हणतात. त्याने कधी वळून पाहिलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर त्याने दहा दिवसांची रजा घेतली. मुलगी रुमाईसा तळेगावला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, आठच्या गाडीने जाते. जाताना म्हणाली, "अब्बा, अम्मीला एकला जेवायला घाला म्हणजे झालं. लहान मुलाला घालतात तसं." सांगायला काय जातंय!

पहिल्या दिवशी त्याने स्वतः मटण केलं. जाहिदा ताटावर बसली, दोन घास घेतले, तिसरा तोंडात फिरवत राहिली आणि उठून मोरीत गेली. दुसऱ्या दिवशी सुका बोंबील आणि भाकरी, तिची आवडती. एक घास. तिसऱ्या दिवशी नुसती खिचडी. ती रडकुंडीला आली. "मी काय मुद्दाम करतीय का वो? आत जातच न्हाई. साडेपाच वाजलं का आपोआप भडका उडतो पोटात. तवर दार बंद." सोळा वर्षांत त्या पोटाला शिकवणी मिळाली होती, ती तीन दिवसांत कशी सुटावी? मधल्या वेळेत साखर खाली जाऊ नये म्हणून तो तिला चमच्याने मोसंबीचा रस पाजायचा आणि तिच्या कपाळावर घाम आलाय का बघत बसायचा.

रविवारी रुमाईसा घरी होती, तर त्याला परात सुचली. याह्याची युक्ती. माळ्यावरची लग्नाची परात काढली, भात ओतला, वर मासा मांडला, आणि तिघं भोवती बसली. जाहिदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याच्या ताटात हात घालायचा, तेही लेकीसमोर! ती आपल्या बाजूचे माशाचे तुकडे निवडून निवडून त्याच्या बाजूला ढकलत राहिली. शेवटी तिच्या पुढ्यात नुसता पांढरा भात उरला आणि त्याच्या पुढ्यात सगळा मासा. रुमाईसाला हसावं की रडावं कळेना. अल्लाउद्दीन हात धुवायला म्हणून उठला आणि मोरीत नळ सोडून उगाच उभा राहिला. तेवीस वर्षं लोकांच्या बंद पडलेल्या मशिनी चालू केलेला माणूस, आणि घरातलं एक जेवण त्याला चालू करता येईना.

आठव्या दिवशी दुपारी जाहिदा सुपात तांदूळ घेऊन बसली होती. त्याने मनाचा हिय्या केला. खरं सांगून टाकलं तर निदान हिचा राग तरी येईल बाहेर, आणि रागाने का होईना ही वेळ मोडेल, असा त्याचा हिशेब.

"जाहिदा, येक सांगायचंय. तिकडं मी चारला जेवत नव्हतो. लय आधीच जेवून मोकळा झालेलो असायचो. तुला खोटंच सांगत आलो."

तिने सूप पाखडलं. "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमी जेवलेलं असायचा ते."

"कधीपासनं?"

"पयल्यापासनं. जेवताना तुमी कधी बोलता का? घरात असताना घास तोंडात असला का हूं बी म्हनत न्हाई. अन् फोनवर बरं सगळ्या गावाच्या चौकश्या."

अल्लाउद्दीनला संतापच आला, स्वतःचा, तिचा, कुणाचा ते कळेना. "मग थांबत का ऱ्हायलीस, खुळे? ठावं होतं तर येकला जेवायचं व्हतं! जीव गेला असता ना त्या दिवशी!"

जाहिदा खडा निवडत म्हणाली, "तुमी फोनवर 'बस' म्हनायचा."

"मग?"

"ह्या घरात मला 'ऊठ' म्हननारे लय होते. तुमची आई, तुमचे वडील, पोरगी, आला-गेला. ऊठ चहा ठेव, ऊठ दार उघड, ऊठ पानी दे. त्यांचं बी काय चुकलं न्हाई. पन 'बस' म्हननारं सगळ्या दिवसात येकच होतं. तुमचा फोन आला का मी ताट घेऊन बसायची, अन् कुणी हाक मारली तरी म्हनायची, थांबा, तिकडनं फोन हाय. जेवून होईस्तोवर मला कुणी उठवायचं न्हाई. तेवढ्यासाठी थांबत होते. तुमी जेवला का न जेवला, त्याचं मला काय घेनं नव्हतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिच्या सुपातला एक खडा वेचून म्हणाला, "मग आता बस की. मी हितंच हाय. येकला बस म्हनतो, रोज म्हनतो."

ती हसली. "तुमी म्होरं असला का मला बसवत न्हाई. तुमच्या ताटात काय संपलं, तितंच जीव लागतो."

म्हणजे घरी असून उपयोग नाही आणि नसून सोय नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दहाव्या, रजेच्या शेवटच्या दिवशी त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. एकला पाच मिनिटं असताना तो चपला घालून बाहेर पडला, पार वलवण धरणाच्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि तिथून घरी फोन लावला. "जाहिदा, हे काय, आत्ताच बसतोय. तू बी बस."

पलीकडे ती हसली, आणि मग ताटाचा आवाज आला. तो तिथे उन्हात उभा राहून येईल ते बोलत राहिला, पाण्याचं, बगळ्यांचं, येसूबाईंच्या नातवाचं. ती हूं हूं करत होती. वीस मिनिटांनी म्हणाली, "अर्धी भाकरी गेली बगा." अल्लाउद्दीनचे डोळे भरून आले. गोम सापडली म्हणायची. मशिनीत बिघाड नव्हताच, तार तेवढी भलतीकडे जोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

आता त्या रिसॉर्टची रीत अशी की पाहुण्यांचं जेवण साडेबारा ते साडेतीन, आणि तेवढ्या वेळात सगळ्या नोकरांचे फोन मॅनेजरच्या खोलीतल्या टोपलीत. कधीतरी कुणीतरी पोहण्याच्या तलावावरच्या पाहुण्यांचा व्हिडिओ काढला होता, तेव्हापासूनचा हा नियम. नोकरांचं जेवण दोन पंगतीत, एक साडेअकराला आणि एक साडेतीनला. अल्लाउद्दीन मॅनेजर सुहासकडे गेला आणि सगळं काही न लपवता सांगितलं. सुहास पोरगा वाईट नाही. त्याने ऐकून घेतलं. "काका, फोन देता येत नाही हो. तुम्हाला दिला की सगळे मागणार आणि मालक मला विचारणार. पण एकला रिसेप्शनच्या फोनवरून बोला, दहा मिनिटं. मी सांगून ठेवतो."

एकला पाच कमी असताना अल्लाउद्दीन रिसेप्शनला हजर. आणि त्याच वेळी बारा नंबरच्या खोलीतला एसी गळायला लागला. पलंगावर पाणी, पाहुणे तापलेले. तो शिडीवरून उतरला तेव्हा दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी पंप. तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवर पाहुण्यांची रांग, फोन मोकळाच नाही. भर दुपारी सगळ्यांना गारवा हवा असतो आणि गारवा बिघडतोही भर दुपारीच. इतकी वर्षं त्याच धंद्यात काढलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं? दुसरी नोकरी बघावी, तर बावन्नाव्या वर्षी ती काय झाडाला लागते? येसूबाईंना विचारलं, तर त्या वेळी त्या बंगल्यावर. रुमाईसा तळेगावहून रोज एकला फोन करायची. जाहिदा तिला म्हणायची, "व्हय गं, बसते," आणि ठेवून द्यायची. लेकीच्या 'बस'ने ती बसत नव्हती.

चौथ्या दिवशी साडेतीनला टोपलीतून फोन मिळाल्याबरोबर त्याने घरी लावला. नोकरांच्या जेवणाच्या खोलीत दुसरी पंगत बसली होती. त्याने मांडीवर ताट घेतलं, पण हात घातला नाही.

"जाहिदा, जेवलीस का?"

"जेवले की. कवाच. पोटभर." लगेच आलं उत्तर, अजिबात न थांबता.

अल्लाउद्दीनने ते ओळखलं. ही चाल त्याची स्वतःची होती. इतक्या चटकन, इतक्या गोड आवाजात हे कोण बोलतं आणि का बोलतं, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिला रागवावं कुठल्या तोंडाने? मागे कुकरची शिट्टी झाली. भात अजून शेगडीवरच होता.

"जाहिदा," तो म्हणाला, "घाम आलाय का?"

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"आधी साखर घाल तोंडात. मग गॅस बंद कर. ताट घे." आणि मग त्याने ते वाक्य म्हटलं, आणि म्हणताना त्याच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच ते खरं आहे. सकाळच्या पंगतीला तो मुद्दाम बसला नव्हता, त्याच्या पोटात पहाटेच्या चहाशिवाय काही नव्हतं. "हे काय, आत्ताच बसतोय. तू बी बस."

पाट सरकवल्याचा आवाज आला. त्यानेही घास घेतला. तिकडे ती चावत होती, इकडे तो चावत होता, आणि दोघंही बोलत नव्हती. घड्याळात चारला दहा कमी होती, दुसऱ्या तबकडीत दोन वाजून वीस. डॉक्टरीणबाईंनी दोनदा गोल केलेला एक वाजून गेल्याला जवळपास तीन तास झाले होते, आणि उद्या एक वाजता तो पुन्हा कुणाच्या तरी खोलीत शिडीवर असणार होता.